क्रूझवरची उलटी-जुलाबांची साथ अडते कुठे?

जानेवारी २०१४ मध्ये ‘एक्स्प्लोरर ऑफ द सीज’ हे अवाढव्य क्रूझ जहाज न्यू जर्सीहून कॅरिबियन बेटांच्या सफरीला निघालं आणि सफर अर्धवट सोडून ठरल्या दिवसाआधीच परत आलं. जहाजावर ३,०७१ प्रवासी होते. त्यातल्या ६३४ जणांना उलट्या-जुलाबांनी गाठलं. १,१६६ कर्मचाऱ्यांपैकी ५५ जणही आजारी पडले. म्हणजे दर पाच प्रवाशांमागे एक जण केबिनमध्ये, बाथरूमच्या दाराशी. कारण निघालं नोरोव्हायरस.

अशी बातमी वाचली की आपला पहिला संशय स्वयंपाकघरावर जातो. काहीतरी शिळं खायला घातलं असणार, पाणी खराब असणार. लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाल्याच्या बातम्या वाचतच आपण मोठे झालो, त्यामुळे हे साहजिक आहे. अन्नातून किंवा पाण्यातून सुरुवात होतेही कधी कधी. दूषित पाण्यात वाढलेले कालव, गोठवलेली बेरीवर्गातली फळं, भलत्या बंदरात भरून घेतलेलं पाणी ही जुनी ठाऊक असलेली कारणं आहेत. पण क्रूझवरच्या बहुतेक मोठ्या साथी पुढे वाढतात त्या माणसाकडून माणसाकडे. जिन्याचा कठडा, लिफ्टचं बटण, दाराची मूठ, बुफेतला डाव, शेजाऱ्याशी मिळवलेला हात. त्यामुळे गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कितीही स्वच्छता पाळली तरी तेवढ्याने ही साथ अडत नाही. माझ्या मते ती सर्वांत जास्त वाढते आजार लपवल्यामुळे. तपासण्या, क्लोरीन, नियम हे सगळं हवंच. पण ‘माझं पोट बिघडलंय’ असं कुणी वेळेवर सांगितल्याशिवाय त्यातलं काहीच कामाला लागत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. जानेवारी २००९ मधल्या एका सफरीचा बारकाईने अभ्यास झाला. जहाजावर १,८४२ प्रवासी होते, सरासरी वय ६५. साथ आल्यावर सगळ्यांना प्रश्नावली वाटली गेली आणि १,५३२ जणांनी ती भरून दिली. त्यातल्या २३६ जणांना आजार झाला होता. जहाजावरच्या दवाखान्यात गेलेले मात्र १४१. उरलेले ९५ जण कुठल्याच यादीत नव्हते. डॉक्टरला जेवढी साथ दिसत होती त्याच्या दीडपटीहून जास्त ती प्रत्यक्षात होती, आणि हे ९५ जण नेमके कुठे जेवले, कुठल्या बाकावर बसले, कुणाच्या पत्त्यांच्या डावात होते, हे कोण शोधणार?

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. लोक जहाजात चढत असतानाच एका मजल्यावर कुणालातरी उलटी झाली होती. त्या मजल्यावर राहणाऱ्यांत किंवा जेवणाऱ्यांत आजाराचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट आढळलं. ज्यांच्या केबिनमधला सोबती आजारी होता त्यांच्यातही साधारण तिप्पटच. विषाणू बंदरातूनच चढला होता. निघायच्या आधीच्या रात्री पोट बिघडलेलं असताना कुणीतरी जहाजात पाऊल टाकलं असेल, असं मानायला पूर्ण जागा आहे.

लोक असं का करतात? मला यात कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. वर्षभर पैसे साठवून घेतलेली सफर असते. सांगितलं तर चढू देणार नाहीत, पैसे बुडतील. चढल्यावर सांगितलं तर केबिनमध्ये बसवतील. शिवाय जुलाबांबद्दल बोलायची लाज वाटते. आणि समुद्रावर एक सोयीचं कारण हाताशी असतंच, बोट लागली असेल. ते कधी खरंही असतं. पण बोट लागली तर माणसाला भोवळ येते, मळमळतं, उलटी होते. जुलाब होत नाहीत, ताप येत नाही, अंग दुखत नाही. समुद्र शांत आहे आणि तरी अचानक जोराची उलटी झाली, पाठोपाठ पोटात पिळवटून जुलाब सुरू झाले, तर दोष समुद्राचा नाही.

आता हा विषाणू एवढा चिवट का आहे ते पाहू, कारण त्याच्या चिवटपणातच सगळ्या उपायांची कारणं आहेत. १९६८ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावच्या एका शाळेत उलट्यांची मोठी साथ आली. त्या वेळी जपून ठेवलेल्या नमुन्यांत १९७२ साली अल्बर्ट कापिकियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा विषाणू दिसला. गावाच्या नावावरून त्याचं नाव पडलं. जगभरात दरवर्षी सुमारे ६८.५ कोटी लोकांना तो गाठतो, त्यातली जवळपास २० कोटी पाच वर्षांखालची मुलं असतात. जहाजं हा त्याच्या संचाराचा अगदी छोटा कोपरा आहे.

संसर्ग व्हायला या विषाणूचे फार थोडे कण पुरतात, काही अभ्यासांच्या हिशोबाने वीसहूनही कमी. उलट आजारी माणसाच्या चिमूटभर विष्ठेत ते अब्जावधी असतात. पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात, एक ते तीन दिवसांत बहुतेक जण बरे होतात. पण बरं वाटू लागल्यावरही विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो, दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त. पहिले दोन-तीन दिवस तर हे प्रमाण फारच मोठं असतं. काही जणांना लागण होऊनही काहीच त्रास होत नाही आणि तेही तो पसरवतात. टेबलावर, नळावर, कठड्यावर तो काही दिवस, कधी कधी आठवडाभराहून जास्त टिकतो. साधारण ६३ अंश सेल्सिअसची उष्णताही तो सोसतो, त्यामुळे झटपट वाफवलेले कालव सुरक्षित म्हणता येत नाहीत.

उलटीचं वेगळं सांगायला हवं. जोराने उलटी झाली की मोठा भाग जमिनीवर पडतो, पण डोळ्यांना न दिसणारे बारीक थेंब हवेत उडतात आणि काही मीटरपर्यंत आजूबाजूच्या वस्तूंवर बसतात. प्रयोगशाळेत माणसासारखी उलटी करणारी यंत्रं बनवून हे तपासलं गेलंय. म्हणून जेवणाच्या हॉलमध्ये कुणाला उलटी झाली, तर फक्त जमीन पुसून भागत नाही. शेजारच्या तीन टेबलांवरचे चमचे, मिठाची डबी, मेन्यूकार्ड हे सगळं उचलावं लागतं आणि उघड्यावरचं अन्न फेकून द्यावं लागतं. जिवावर येतं, पण दुसरा मार्ग नाही.

आता सॅनिटायझर. करोनाच्या काळापासून खिशात छोटी बाटली ठेवायची सवय आपल्याला लागली आणि ती वाईट नाही. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण विरघळवतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला असं आवरणच नाही. त्याचं कवच प्रथिनाचं, घट्ट. अल्कोहोलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. जेवणाच्या हॉलच्या दाराशी उभा राहून कर्मचारी प्रत्येकाच्या हातावर जेल घालतो तेव्हा आपल्याला वाटतं, झाले हात स्वच्छ. या आजारापुरते ते झालेले नसतात. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, किमान २० सेकंद चोळून धुतलेले हातच इथे कामाचे. साबण या विषाणूला मारतो म्हणून नव्हे. चोळण्याने तो त्वचेवरून सुटतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. नखांच्या खाली, अंगठ्याच्या मुळाशी आणि अंगठीच्या आत लोक हमखास चुकतात. काही जहाजांवर आता हॉलच्या तोंडाशीच वॉशबेसिनची रांग लावलेली असते. बाटलीपेक्षा ती कितीतरी चांगली सोय आहे.

पृष्ठभागांसाठी हत्यार लागतं ते क्लोरीन. सीडीसी ही अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था १,००० ते ५,००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) क्लोरीनचं द्रावण सांगते. घरच्या हिशोबात सांगायचं तर साधारण ५ टक्क्यांचं ब्लीच एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर घातलं की १,००० पीपीएम होतं, १०० मिलिलिटर घातलं की ५,००० च्या आसपास. आधी घाण शोषून उचलायची, जागा साबणाने धुवायची आणि मगच द्रावण लावायचं, कारण घाणीच्या थराखाली क्लोरीन पोचत नाही. लावल्यावर निदान पाच मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. लगेच पुसलं तर मेहनत वाया. आणि घरी करत असाल तर ब्लीच संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गालिच्यांवर क्लोरीन चालत नाही, रंग उडतो. तिथे वाफ वापरतात: ७० अंश सेल्सिअसला पाच मिनिटं किंवा १०० अंशाला एक मिनिट. कोरडा व्हॅक्यूम फिरवला तर विषाणू उलट हवेत उडतो. आजारी माणसाच्या चादरी झटकायच्या नाहीत. त्या पाण्यात विरघळणाऱ्या पिशवीत बंद करून पिशवीसकट मशीनमध्ये टाकतात, म्हणजे लाँड्रीतल्या माणसाला त्यांना हात लावावा लागत नाही.

हे नियम कागदावर असणं वेगळं आणि हाताखालून होणं वेगळं. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी तीन वर्षांच्या काळात ५६ क्रूझ जहाजांवर एक साधा प्रयोग केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वजनिक प्रसाधनगृहांत शिरून त्यांनी फ्लशचं बटण, कमोडची बैठक, दाराची मूठ, आधाराचा दांडा, बाळाचे लंगोट बदलायचं टेबल अशा ठिकाणी एका द्रावणाचा ठिपका लावला. ते वाळल्यावर दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली चमकतं आणि ओल्या फडक्याने पुसलं की निघून जातं. पुढच्या दिवसांत परत येऊन ते दिवा धरून पाहायचे. ठिपका तसाच चमकत असेल तर त्या जागेला फडकं लागलेलंच नाही. २७३ प्रसाधनगृहांतल्या ८,३४४ वस्तू तपासल्या. रोजच्या रोज पुसल्या जात होत्या त्यातल्या ३७ टक्के. फरशी चकचकीत, आरसा लख्ख, सुगंध दरवळतोय, आणि आतून बाहेर पडताना प्रत्येक जण धरतो त्या मुठीवर ठिपका शाबूत.

मला यातून सफाई कामगारांना बोल लावायचा नाही. त्यांना जे दिसतं ते साफ करायला शिकवलं जातं, कारण प्रवाशाला तेच दिसतं. ठिपक्यांच्या या पद्धतीचा खरा उपयोग शिकवण्यासाठी आहे. रुग्णालयांमध्ये अशी तपासणी करून निकाल कर्मचाऱ्यांना दाखवले की सफाई लक्षणीय सुधारते, हे सिद्ध झालंय. दंड न करता दिव्याखाली दाखवायचं, बस.

कर्मचाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचा धागा सांगायला हवा. कोकणात, गोव्यात, वसईत ‘मुलगा बोटीवर आहे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. गोव्यातल्या कितीतरी कुटुंबांची दोन-दोन पिढ्यांची कमाई याच जहाजांवरच्या गॅलीतून, बारमधून, हाउसकीपिंगमधून आलेली आहे. साथ आली की प्रवासी केबिनमध्ये पडून राहतात, पण त्यांच्या दाराशी जेवण नेणारा, उलटी साफ करणारा, रात्री जादा पाळीत कठडे पुसणारा हाच मुलगा असतो. तो खालच्या मजल्यावर छोट्या खोलीत दुसऱ्या कुणाबरोबर राहतो, सगळ्यांबरोबर एकाच मेसमध्ये जेवतो. प्रवासी एक-दोन आठवड्यांत घरी जातात, याचं कंत्राट कित्येक महिन्यांचं असतं. म्हणजे एका सफरीतला विषाणू पुढच्या सफरीपर्यंत सांभाळून ठेवणारी माणसं नकळत तीच ठरू शकतात.

म्हणून त्यांच्यासाठीचे नियम प्रवाशांपेक्षा कडक आहेत. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांवर सीडीसीच्या ‘व्हेसल सॅनिटेशन प्रोग्राम’चे नियम चालतात. अन्नाला हात लावणारा कर्मचारी आजारी पडला तर त्याला लगेच वेगळं ठेवायचं आणि लक्षणं पूर्ण थांबल्यावर आणखी किमान ४८ तास कामावर घ्यायचं नाही. इतर कामांतल्या कर्मचाऱ्यांसाठी ही मुदत २४ तास आहे. खोलीतल्या सोबत्याचीही विचारपूस होत राहते. ४८ तास हा आकडा कुणी सहज ठरवलेला नाही. बरं वाटू लागल्यावरचे हेच दोन दिवस माणूस ताजातवाना दिसतो, भूक लागते, काम करावंसं वाटतं, आणि विषाणू मात्र भरपूर बाहेर पडत असतो.

पण सुट्टी घेतली तर पगार किंवा टिप बुडणार असेल, किंवा पुढच्या कंत्राटावर परिणाम होईल अशी भीती असेल, तर कोण सांगेल? आजारी कर्मचाऱ्याचे पूर्ण पैसे देणं हा माझ्या मते जंतुनाशकाइतकाच महत्त्वाचा प्रतिबंधक उपाय आहे. प्रवाशांचंही तेच. उलट्या-जुलाबांसाठी जहाजावरच्या दवाखान्यात फी न घेणं, चढण्याआधी आजारी पडलेल्याला दुसऱ्या तारखेला येऊ देणं, या सवलती अनेक कंपन्या देतात. त्या खर्चिक वाटतील, पण अर्धवट सोडलेल्या सफरीपुढे काहीच नाहीत.

सीडीसीच्या या ‘व्हेसल सॅनिटेशन प्रोग्राम’ची थोडी ओळख करून देतो, कारण जहाजांवरच्या साथींबद्दल जगाला जे काही आकडे ठाऊक आहेत त्यातले बरेचसे त्याच्यामुळे आहेत. तो १९७० च्या दशकात सुरू झाला. १३ किंवा त्याहून जास्त प्रवासी घेऊन परदेशातून अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या जहाजाला पोटाच्या आजाराचे सगळे रुग्ण कळवावे लागतात, एकही नसला तरी शून्य म्हणून. चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब, किंवा उलटी आणि तिच्यासोबत ताप, पोटात कळ, डोकेदुखी, अंगदुखी यांपैकी काही असेल तर तो रुग्ण मोजायचा. प्रवासी किंवा कर्मचारी यांच्यापैकी २ टक्के आजारी झाले की खास कळवायचं. ३ टक्क्यांवर गेले की साथ म्हणून जहाजाच्या नावासकट ती जाहीर होते. शिवाय न सांगता तपासणी होते, साधारण वर्षातून दोनदा, १०० गुणांची. ८६ किंवा जास्त मिळाले तर पास, ८५ किंवा कमी मिळाले तर नापास. गुण कुणालाही वाचता येतात.

तपासणीत काय पाहतात? गार अन्न ५ अंशांच्या खाली आणि गरम ५७ अंशांच्या वर आहे का. बंदरात भरून घेतलेल्या पाण्यात भरतानाच २ पीपीएम क्लोरीन घातलं का, आणि टाकीपासून सर्वांत लांबच्या नळाला ते निदान ०.२ पीपीएम उरतं का. पोहण्याच्या तलावाचं पाणी, भांडी धुण्याच्या मशीनचं तापमान, दवाखान्यातलं रुग्णांचं रजिस्टर. ई. कोलायसारखे जिवाणू प्रामुख्याने अन्न-पाण्यातून येतात आणि ते अशाच नियमांनी अडतात.

साथीचा संशय आला की जहाजाचं वागणं बदलतं, आणि प्रवाशाला ते लगेच जाणवतं. बुफेत स्वतःच्या हाताने वाढून घेणं बंद होतं, हातमोजे घातलेले कर्मचारी वाढतात. याचं कारण अगदी सरळ आहे. एकच डाव तासाभरात शेकडो हात धरतात, आणि तो प्रत्येक हात पुढच्या क्षणी पाव मोडून तोंडाकडे जातो. टेबलावरच्या मीठ-मिरीच्या डब्या, सॉसच्या बाटल्या गायब होतात. वाचनालयातली पुस्तकं, पत्ते, कॅसिनोतली नाणी बाजूला काढून पुसली जातात. हस्तांदोलन टाळा अशी घोषणा होते. यामुळे कुणी चिडू नये. घोषणा करणारं जहाज गप्प बसणाऱ्यापेक्षा कितीतरी बरं.

सर्वांत नाजूक दिवस असतो सफर बदलण्याचा. सकाळी हजारो लोक उतरतात आणि त्याच दुपारी तितकेच नवे चढतात. मधल्या काही तासांत हजारभर केबिन साफ करायच्या असतात. २००२ साली ‘अ‍ॅम्स्टरडॅम’ नावाच्या जहाजावर याचा धडा मिळाला. एका सफरीत साथ आली, सफाई झाली, नवे प्रवासी चढले आणि तेही आजारी पडले. असं लागोपाठच्या सफरींत होत राहिलं. शेवटी नोव्हेंबरमध्ये जहाज फ्लोरिडात काही दिवस रिकामं उभं करून कोपरान् कोपरा धुवावा लागला. जहाज रिकामं उभं करणं म्हणजे कोट्यवधींचं नुकसान, त्यामुळे हा निर्णय कंपनीला नेहमी जड जातो. तो लवकर घेतला जावा यासाठीच बाहेरची, कंपनीच्या पगारावर नसलेली देखरेख लागते. म्हणूनच एप्रिल २०२५ मध्ये या कार्यक्रमातले पूर्णवेळ नागरी कर्मचारी कमी केल्याची बातमी आली तेव्हा मला काळजी वाटली. या कार्यक्रमाचा खर्च करदात्यांकडून नाही, जहाजांकडून घेतलेल्या फीमधून चालतो. गणवेशातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडून काम चालू राहील असं सरकारने सांगितलं, पण माणसं कमी झाली की तपासणीवर ताण येणारच.

इतकं वाचून क्रूझ म्हणजे आजाराचं घर असं मत करून घेऊ नका. अमेरिकेत नोरोव्हायरसच्या ज्या साथींची नोंद होते त्यातल्या साधारण १ टक्काच जहाजांवरच्या असतात; मोठा वाटा वृद्धाश्रम, रुग्णालयं, उपाहारगृहं आणि शाळांचा. जहाजांना मोजणं सक्तीचं आहे म्हणून त्यांची बातमी होते. २००६ मध्ये प्रवाशांत दर एक लाख प्रवासदिवसांमागे (एका माणसाचा जहाजावरचा एक दिवस म्हणजे एक प्रवासदिवस) पोटाच्या आजाराचे ३२.५ रुग्ण होते. २०१९ मध्ये ते १६.९ वर आले, म्हणजे जवळपास निम्मे. कर्मचाऱ्यांत १३.५ वरून ५.२. मोजलं, जाहीर केलं आणि नियम पाळले की फरक पडतो, याचा हा पुरावा आहे. मात्र विषाणूही बदलत राहतो. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अशा साथी १८ होत्या, बहुतेक नोरोव्हायरसच्या, आणि त्या हिवाळ्यात जीआयआय.१७ या उपप्रकाराने अमेरिकेत जोर धरला होता. एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही असं या आजारात नसतं. लस अजून बाजारात नाही.

आपल्या किनाऱ्यावर काय? मुंबईहून गोव्याकडे क्रूझ सुटतात, परदेशी जहाजंही मुंबईला येतात. परदेशातून आलेल्या जहाजाच्या आरोग्याची तपासणी केंद्र सरकारची पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन करते. कप्तानाला जहाजावर कोण आजारी आहे याचं लेखी निवेदन द्यावं लागतं. जहाजाच्या स्वच्छतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त सहा महिने चालतं. ही चौकट चांगली आहे. पण जहाजाचं नाव घालून, किती आजारी पडले हे आकड्यांत सगळ्यांना सांगायची अमेरिकेसारखी पद्धत आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं. क्रूझचा धंदा इथे नुकता वाढतोय. सवय लावायची तर ती आत्ताच.

मराठी सहलींचे मोठे गट आता सिंगापूरपासून अलास्कापर्यंत क्रूझवर जातात, त्यात ज्येष्ठ मंडळी भरपूर. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. गटात चिवडा-चकलीचे डबे फिरतात. डब्यात प्रत्येकाने हात घालण्याऐवजी चमच्याने कागदावर वाढून द्या. आपण हाताने जेवतो, त्यामुळे जेवणाआधी जेल पुरत नाही, उठून साबणाने हात धुवा. केबिनमधलं टॉयलेट फ्लश करण्याआधी झाकण लावा. जिन्याला धरूनच उतरायचं असेल तर जरूर धरा, पडण्यापेक्षा ते बरं. फक्त नंतर हात तोंडाकडे नेऊ नका. शेजारी कुणाला उलटी झाली तर मदत म्हणून रुमालाने पुसायला धावू नका. तिथून दूर व्हा, इतरांनाही दूर करा आणि कर्मचाऱ्याला बोलवा. त्यांच्याकडे यासाठी वेगळी पेटी असते.

आणि तुम्हालाच त्रास सुरू झाला, तर केबिनमधून फोन करा. दवाखान्यापर्यंत चालत जाऊ नका, वाटेतले कठडे आणि लिफ्टची बटणं त्यातून वाचतील. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग नाही, बॅगेतली गोळी उगाच घेऊ नका. जीव सांभाळतं ते ओआरएस. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी सलाइन संपत आलं तेव्हा मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य कॉलराग्रस्तांना वाचवलं होतं. तेच तत्त्व आज पाकिटात मिळतं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. उलटी होत असेल तर दर काही मिनिटांनी एकेक चमचा घ्या, पेलाभर एकदम नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

ज्यांना मधुमेह आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी आपल्या गोळ्यांची यादी डॉक्टरला पहिल्या फोनमध्येच सांगावी. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या औषधांचा परिणाम वेगळा होतो आणि काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात. तो निर्णय डॉक्टरचाच. लघवी सहा-आठ तास झालीच नाही, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो किंवा विष्ठेत रक्त दिसतं, तर थांबू नका, तेव्हाच पुन्हा फोन करा. शेवटच्या उलटी-जुलाबानंतर निदान २४ तास केबिनमध्येच राहा. त्यानंतरही दोन दिवस तलावात उतरू नका आणि दुसऱ्या कुणासाठी ताट वाढू नका.